छपाईच्या रांगेचा मागोवा

आज कोणत्याही लिनक्स किंवा मॅक संगणकाची कमांड लाइन उघडून ‘एलपीस्टॅट -ओ’ असे लिहिले, की छपाईसाठी थांबलेल्या कामांची यादी समोर येते. कामाचा क्रमांक, ते कोणाचे, किती बाइटचे आणि केव्हा आले, एवढेच तिच्यात असते. ‘कॅन्सल’ असे लिहून त्या क्रमांकाची जोड दिली, की आपले काम रांगेतून निघून जाते. या साध्या सोयीची वंशावळ साठ वर्षांहून जुनी आहे. या काळात छापण्याची यंत्रे पार बदलली. अक्षरांची साखळी गेली, सुयांचे ठिपके आले, मग लेझर आणि शाईचे फवारे आले. रांग मात्र राहिली. बदलत गेला तो तिच्यावरचा अधिकार: ती कोणाला दिसावी, कोणी थांबवावी, कोणी मोडावी. म्हणून आपण यंत्रांचा नव्हे, या अधिकाराचा माग काढू.

त्यासाठी आपल्याला १९५९ सालात जावे लागते. त्या वर्षी ५ ऑक्टोबरला आयबीएमने १४०१ हा संगणक जाहीर केला. त्याच्यासोबत आलेले १४०३ हे छपाईयंत्र मिनिटाला ६०० ओळी छापत असे आणि प्रत्येक ओळीत १३२ अक्षरे मावत. कागदासमोरून अक्षरांची एक साखळी आडवी धावत राही. तिच्यावर ४८ चिन्हांचा संच पाच वेळा, म्हणजे एकूण २४० ठसे बसवलेले असत. हवे ते अक्षर हव्या त्या जागी येताच कागदामागची हातोडी आपटे आणि अक्षर उमटे. मुंबईतही साठच्या दशकाच्या आरंभी एस्सो या तेलकंपनीत १४०१ बसला आणि भारतीय कचेऱ्यांना या नव्या छपाईची ओळख झाली. त्या काळाच्या मानाने हा वेग थक्क करणारा होता, पण मोठ्या संगणकांपुढे तो अगदीच तोकडा पडे. त्याच सुमारास आलेला आयबीएम ७०९० सेकंदाला दोन लाखांहून अधिक बेरजा करी. लक्षावधी डॉलर किमतीच्या अशा यंत्राने एकेक ओळ उमटण्याची वाट पाहत बसावे, हे कोणालाच परवडणारे नव्हते.

तेव्हाच्या लोकांनी यावर जो तोडगा काढला, त्यात पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज आहे. मोठ्या संगणकाने उत्तरे कागदावर न काढता चुंबकीय फितीवर लिहायची. ती फीत उचलून शेजारच्या लहान १४०१ वर चढवायची आणि त्याने ती सावकाश छापत बसावे. गणना आणि छपाई यांची अशी फारकत झाली आणि दोन्हींच्या मध्ये कामांना थांबायला एक जागा मिळाली. पुढची पायरी होती ती माणसाने फीत वाहून नेण्याचा खटाटोप संपवण्याची. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या चमूने घडवलेला ॲटलस संगणक ७ डिसेंबर १९६२ रोजी अधिकृतपणे सुरू झाला. त्याच्या नियंत्रक प्रणालीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या मजकुरासाठी साठवणीच्या वेगळ्या जागा राखलेल्या होत्या. एक काम छापले जात असतानाच दुसऱ्याची गणना चाले, आणि हा मेळ प्रणाली स्वतःच घाली. अमेरिकेत आयबीएमच्या सिस्टिम ३६० मालिकेसाठी, ह्यूस्टन इथे नासाच्या कामावर असलेल्या आयबीएमच्या मंडळींनी ‘हॅस्प’ नावाचा कार्यक्रम लिहिला. त्यात टॉम सिम्पसन आणि बॉब क्रॅबट्री हे प्रमुख होते. कार्डे वाचणे, कामे तबकडीवर साठवणे, अग्रक्रम ठरवणे आणि छापणे अशी सगळी व्यवस्था हॅस्पने हाती घेतली. पुढे त्याचाच वारस ‘जेस-२’ झाला. आजही बँका आणि विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमवर तो काम करतो, आणि त्याच्या संदेशांच्या आरंभी डॉलरचे चिन्ह व हॅस्पचे नाव अजून टिकून आहे.

हॅस्पचे आदेश आजच्या वाचकालाही ओळखीचे वाटतील: काम रोखून धरा, सोडा, रद्द करा. पण हे आदेश लिहिले जात ते संगणकगृहातल्या नियंत्रण-टंकावर, आणि तिथे बसलेला असे तो ऑपरेटर. कार्यक्रम लिहिणारा माणूस कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत देई आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, छापील कागदांची घडी परत घेई. मधल्या काळात आपले काम कुठे अडले, आपल्यापुढे कितीजण आहेत, हे कळायला त्याच्याकडे ऑपरेटरला विचारण्यावाचून उपाय नव्हता. म्हणजे रांग जन्मली, पण रांगेत उभ्या असलेल्यालाच ती दिसत नव्हती.

हे चित्र बदलले कालविभागणीने. एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देणारी प्रणाली एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये दाखवली. मग १९६५ पासून एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून ‘मल्टिक्स’ ही महत्त्वाकांक्षी प्रणाली उभारायला घेतली. वापरकर्ता आता खिडकीबाहेर राहिला नाही. तो स्वतःच्या टर्मिनलवर बसून संगणकाशी थेट बोलू लागला. मल्टिक्समध्ये ‘डीप्रिंट’ हा आदेश होता. तो छपाईची विनंती पार्श्वभूमीवर अखंड चालणाऱ्या एका सेवककार्यक्रमाकडे, म्हणजे डीमनकडे सोपवी. त्याच्या जोडीला अशा विनंत्यांची यादी दाखवणारा एक आदेश आणि त्या रद्द करणारा दुसरा आदेशही होता. देणे, पाहणे आणि मागे घेणे ही तीन कामे इथे एका कुटुंबात आली आणि ती वापरकर्त्याच्या हातात आली. आजच्या छपाई-आदेशांचे खरे पूर्वज शोधायचे, तर विस्मरणात गेलेल्या या ‘डीप्रिंट’पाशी आपल्याला थांबावेच लागते.

बेल लॅब्जने १९६९ मध्ये मल्टिक्समधून अंग काढून घेतले. त्या अनुभवातून केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी स्वतःपुरती एक लहान प्रणाली रचली. तीच युनिक्स. तिच्या बालपणाचा छपाईशी असलेला संबंध अनेकांना ठाऊक नसतो. मोठा संगणक मागायला सबळ कारण हवे होते, तेव्हा या मंडळींनी मजकूर-संस्करणासाठी प्रणाली तयार करण्याचा प्रस्ताव मांडला आणि पीडीपी-११ हे यंत्र मिळवले. १९७१ मध्ये युनिक्सचे पहिले खरे गिऱ्हाईक झाला तो बेल लॅब्जचा पेटंट विभाग. तिथले टंकलेखक पेटंटचे अर्ज युनिक्सवर लिहीत आणि ‘रॉफ’ या कार्यक्रमातून सुबक मांडणी करून छापून घेत. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरची तारीख असलेल्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेत ‘पीआर’ हा आदेश आहे. तो मजकुराची पाने पाडतो आणि प्रत्येक पानावर मथळा, दिनांक व पृष्ठांक घालतो. पुढे डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ मध्ये एका कार्यक्रमाचा मजकूर दुसऱ्यात नळीसारखा सोडण्याची युक्ती आली. तेव्हापासून ‘पीआर’ने पाने पाडावीत आणि पुढच्या आदेशाने ती छपाईला न्यावीत, अशी साखळी एका ओळीत लिहिता येऊ लागली. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीपर्यंत ‘एलपीडी’ हा छपाईचा डीमनही अवतरला.

या सामग्रीला सुसंगत रूप मिळाले ते कॅलिफोर्नियात, बर्कली विद्यापीठात. तिथे युनिक्सची जी शाखा वाढली, तिच्या १९७९ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘एलपीआर’, ‘एलपीक्यू’ आणि ‘एलपीआरएम’ हे तीन आदेश होते. पहिला काम रांगेत लावतो, दुसरा रांग दाखवतो, तिसरा काम काढून टाकतो. ऑगस्ट १९८३ च्या ४.२ आवृत्तीत त्यांना ‘एलपीसी’ हा नियंत्रक-आदेश आणि ‘प्रिंटकॅप’ ही छपाईयंत्रांचे वर्णन करणारी फाइल येऊन मिळाली. या व्यवस्थेची पुस्तिका राल्फ कॅम्पबेल यांनी लिहिली. प्रिंटकॅपमध्ये प्रत्येक यंत्राचे गुणधर्म दोन-दोन अक्षरांच्या खुणांनी नोंदवलेले असत: मजकूर कुठे साठवायचा, फाइल किती मोठी चालेल, नावाचे पान छापायचे की नाही. ‘आरएम’ ही खूण दुसऱ्या संगणकाचे नाव सांगे. एवढ्या एका नोंदीने इमारतीच्या दुसऱ्या टोकाचे छपाईयंत्र आपल्या रांगेशी जोडले जाई. नावाच्या पानावर मालकाचे नाव टपोऱ्या अक्षरांत छापलेले असे, कारण लांबच लांब सलग कागदातून कोणाचे काम कुठे संपले हे ओळखायचे असे.

या आदेशांतली न्यायबुद्धी बारकाईने पाहण्यासारखी आहे. ‘एलपीक्यू’ जी यादी देई, तिच्यात प्रत्येक कामाचा क्रम, मालक, क्रमांक, फाइलींची नावे आणि आकार असे. रांग अशी सर्वांसमोर उघडी होती. आपल्यापुढे कोण आहे आणि त्याचे काम केवढे आहे, हे कोणालाही पाहता येई. ‘एलपीआरएम’ने मात्र प्रत्येकाला स्वतःचेच काम काढता येई, दुसऱ्याच्या कामाला हात लावण्याचा अधिकार फक्त व्यवस्थापकाला होता. ‘एलपीसी’मधला ‘टॉपक्यू’ हा आदेश एखादे काम रांगेच्या शेंड्यावर नेई. तोही व्यवस्थापकापुरता राखलेला होता. स्थिती विचारणे आणि अडलेला डीमन पुन्हा सुरू करणे एवढे मात्र सर्वांना मोकळे होते. गावच्या पाणवठ्यावर जसे पाळीचे नियम सर्वांना ठाऊक असतात आणि म्हणून ते पाळले जातात, तसेच हे होते. ऑपरेटरच्या खोलीत बंद असलेली सत्ता बर्कलीच्या या चार आदेशांनी वाटून दिली आणि वाटणीच्या मर्यादाही आखल्या.

दरम्यान एटीअँडटीची स्वतःची युनिक्स शाखा वेगळ्या वाटेने चालली होती. १९८३ च्या सिस्टिम फाइव्हमध्ये ‘एलपी’, ‘एलपीस्टॅट’ आणि ‘कॅन्सल’ हे आदेश होते आणि मागे ‘एलपीशेड’ हा नियोजक असे. इथल्या रचनेत एक सूक्ष्म भेद केलेला होता. ‘ॲक्सेप्ट’ आणि ‘रिजेक्ट’ हे ठरवीत, की रांगेत नवी कामे घ्यायची की नाही. ‘एनेबल’ आणि ‘डिसेबल’ हे ठरवीत, की यंत्राने छापायचे की थांबायचे. कागद संपला तर यंत्र थांबवावे, पण कामे जमा होऊ द्यावीत. यंत्र कायमचे काढायचे असेल तर नवी कामे नाकारावीत, पण आलेली पुरी करावीत. शिवाय अनेक यंत्रांचा एक गट करून, जे मोकळे असेल त्याच्याकडे काम पाठवण्याची सोयही होती. भारतातल्या बँकांच्या शाखांत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून युनिक्स आणि तिचीच एक आवृत्ती झेनिक्स आले, तेव्हा दिवसअखेरीचे अहवाल कडेला भोके असलेल्या रुंद कागदावर करकरत निघू लागले, ते अशाच रांगांतून. व्यवस्थापकांना मात्र दोन्ही बोली शिकाव्या लागत: एका यंत्रावर ‘एलपीआर’, तर दुसऱ्यावर ‘एलपी’.

याच काळात रांगेच्या इतिहासात एक प्रसंग घडला, ज्याचे पडसाद छपाईच्या पलीकडे फार दूरवर गेले. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचे एक जुने छपाईयंत्र होते आणि त्याचा कागद वरचेवर अडकत असे. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याच्या कार्यक्रमात बदल करून एक सोय केली. काम छापून झाले की मालकाला निरोप जाई, आणि कागद अडकला की रांगेत थांबलेल्या सर्वांना कळे; मग त्यातला कोणीतरी उठून कागद सोडवी. १९८०च्या सुमारास तिथे झेरॉक्सचे नवे लेझर छपाईयंत्र आले. त्याच्या कार्यक्रमाचा मूळ पाठच, म्हणजे सोर्स कोड, दिलेला नव्हता, त्यामुळे ती सोय त्यात घालता येईना. मूळ पाठ कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे होता; स्टॉलमन यांनी तो मागितला, पण गुप्ततेच्या कराराने बांधला गेल्यामुळे त्याने नकार दिला. २७ सप्टेंबर १९८३ रोजी स्टॉलमन यांनी मुक्त प्रणालीसाठी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. त्यामागच्या कारणांत ते स्वतः हा अनुभव आवर्जून सांगत आले आहेत. रांग पाहण्याचा हक्क पुरेसा नाही, ती सुधारण्याचाही हक्क हवा, हा विचार छपाईयंत्राशेजारी रुजला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

लेझरच्या आगमनाने रांगेतून काय वाहते, तेही बदलले. १९८२ मध्ये जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी अडोबी स्थापन केली. त्यांची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचे वर्णन करणारी भाषा १९८५ च्या ॲपल लेझररायटरमध्ये आली. छपाईयंत्राकडे आता नुसती अक्षरे जाईनात. रेषा, वळणे आणि टंक यांचा पुरा कार्यक्रमच जाऊ लागला. ज्यांची यंत्रे ही भाषा जाणत नव्हती, त्यांच्यासाठी पीटर डॉइच यांनी १९८८ मध्ये ‘घोस्टस्क्रिप्ट’ खुला केला. तो पोस्टस्क्रिप्टचे रूपांतर साध्या यंत्राला समजेल अशा ठिपक्यांत करी. रांग आणि यंत्र यांच्या मध्ये गाळण्यांची एक मालिका उभी राहिली आणि ती योग्य क्रमाने लावणे हे व्यवस्थापकाचे नवे कौशल्य ठरले.

बर्कलीची पद्धत तोवर इतकी पसरली होती, की ऑगस्ट १९९० मध्ये ‘आरएफसी ११७९’ या दस्तऐवजात तिची लेखी नोंद झाली. तो कुठल्या समितीने आखलेला आदर्श नव्हता. प्रत्यक्षात जे चालू होते, त्याचे ते वर्णन होते. ५१५ क्रमांकाच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, पाच आदेश: थांबलेली कामे छापायला घे, नवे काम स्वीकार, रांगेची स्थिती थोडक्यात सांग, सविस्तर सांग, कामे काढून टाक. प्रत्येक कामाच्या दोन प्रकारच्या फाइली असत, एक नियंत्रणाची आणि बाकी मजकुराच्या. हा साधेपणा हेच त्याचे बळ होते आणि तीच त्याची मर्यादाही. यंत्राचा कागद संपला आहे की झाकण उघडे आहे, दोन्ही बाजूंना छापता येते की नाही, हे विचारायला त्यात ठरलेली भाषाच नव्हती.

ती भाषा नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात घडली. छपाईयंत्रे बनवणाऱ्या आणि प्रणाली लिहिणाऱ्या कंपन्यांनी एकत्र बसून इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे ‘आयपीपी’ रचला. त्याची पहिली आवृत्ती एप्रिल १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. वेबच्याच वाहतुकीवर चालणाऱ्या या प्रोटोकॉलने कामाच्या अवस्थांना निश्चित नावे दिली: प्रतीक्षेत, रोखलेले, चालू, रद्द, पूर्ण. प्रत्येक अवस्थेचे कारण सांगण्याचीही सोय केली. त्याच वर्षी मायकेल स्वीट यांचा ‘कप्स’ हा छपाई-व्यवस्थेचा कार्यक्रम लोकांच्या हाती आला. त्यांनी १९९७ मध्ये त्याचे काम सुरू केले तेव्हा जुना एलपीडीच पाया धरला होता. त्याच्या मर्यादा जाणवल्यावर ते आयपीपीकडे वळले. कप्सने एक समंजस निर्णय घेतला. बर्कलीचे आणि सिस्टिम फाइव्हचे असे दोन्ही घराण्यांचे आदेश त्याने ठेवले, दोन्हींच्या मागे एकच रांग उभी केली आणि दोन बोलींचा तंटा मिटवला. जुन्या खुणा आतही राहिल्या: कप्सच्या साठवणीत नियंत्रणाच्या फाइलीचे नाव ‘सी’ने आणि मजकुराच्या फाइलीचे ‘डी’ने सुरू होते, बर्कलीतल्यासारखेच. ऑगस्ट २००२ मध्ये ॲपलने मॅक ओएस एक्स १०.२ मध्ये कप्स स्वीकारला, २००७ मध्ये स्वीट यांना नोकरीवर घेऊन त्याचा मूळ पाठही विकत घेतला. स्वीट २०१९ च्या अखेरीस ॲपलमधून बाहेर पडले, आणि पुढच्या वर्षापासून टिल काम्पेटर यांच्या ‘ओपनप्रिंटिंग’ने ही धुरा वाहिली. काम खुले असल्यामुळेच हे हस्तांतर शक्य झाले.

या प्रवासात देवनागरीची वाट निराळी होती. ४८ चिन्हांच्या साखळीवर मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे बसवणे अशक्यच होते. सुयांनी ठिपके उमटवणारी यंत्रे आली तेव्हा पानावर कोणताही आकार काढता येऊ लागला आणि वाट मोकळी झाली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्र १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. त्याच्या कार्डामुळे साध्या संगणकावर देवनागरी दिसू आणि छापू लागली. भारतीय लिप्यांसाठीचा ‘इस्की’ हा संकेत १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाला, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह आली. तरी कमांड लाइनवरून साधा मराठी मजकूर छापताना एक अडचण उरतेच. ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते व्यंजनानंतर, पण काढावी लागते त्याच्या आधी. दोन व्यंजने मिळून तिसरेच रूप घेतात. एका संकेताला एक आकार, या जुन्या गृहीतावर रचलेल्या गाळणीला हे जमत नाही. ‘पॅप्स’ हा छोटा कार्यक्रम पँगो या मांडणी-ग्रंथालयाच्या साह्याने अक्षरे आधी नीट जुळवतो आणि तयार पाने पुढे देतो. मराठी फाइल ‘पॅप्स’मधून नळीने ‘एलपी’कडे सोडली, की पान शुद्ध निघते. पेटंट विभागासाठी पाने पाडणाऱ्या ‘पीआर’ची जागा इथे एका जुळाऱ्याने घेतलेली आपल्याला दिसते.

अलीकडच्या काळात रांग आणखी सरकली आहे. २०१० मध्ये ॲपलची एअरप्रिंट ही बिनतारी छपाईची सोय आली आणि २०१३ मध्ये ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ हे मानक आले. नवी छपाईयंत्रे आपले गुणधर्म जाळ्यावर स्वतःच जाहीर करतात, म्हणून प्रत्येक यंत्रासाठी वेगळा चालक-कार्यक्रम बसवण्याची गरज ओसरत चालली आहे. कप्सही जुन्या चालकांना निरोप देण्याच्या मार्गावर आहे. या मोकळेपणाची किंमतही असते. जाळ्यावरची छपाईयंत्रे आपोआप शोधणाऱ्या ‘कप्स-ब्राउज्ड’ या कार्यक्रमातली गंभीर भगदाडे सप्टेंबर २०२४ मध्ये उघड झाली आणि जगभरच्या व्यवस्थापकांना ती घाईने बुजवावी लागली. मूळ पाठ सर्वांसमोर असल्याने दोष शोधणारे आणि तो दुरुस्त करणारे, दोघेही उघडपणे काम करू शकले.

फोनवरून छापणाऱ्या माणसाला आज रांग सहसा दिसत नाही. एक खूण फिरत राहते आणि कागद आला तर आला. पंच कार्डांच्या काळातला खिडकीबाहेरचा माणूस ज्या अज्ञानात उभा असे, त्याच्या जवळ आपण नकळत पुन्हा येत आहोत. कमांड लाइनवर मात्र सगळे जागेवर आहे. ‘एलपी -एच होल्ड’ लिहून काम रोखता येते, ‘एलपीमूव्ह’ने ते दुसऱ्या यंत्राकडे वळवता येते, ‘कप्सडिसेबल’ने यंत्र थांबवून त्याचे कारणही नोंदवता येते. ह्यूस्टनच्या ऑपरेटरजवळ जे अधिकार होते, त्यांतले स्वतःच्या कामापुरते सगळे आज प्रत्येकाजवळ आहेत, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हट्टाने मिळवून दिले आहेत. शाळेत, ग्रंथालयात, वृत्तपत्राच्या कचेरीत जिथे एक छपाईयंत्र अनेकजण वापरतात, तिथे नव्याने आलेल्या प्रत्येकाला पाहणे, रोखणे आणि रद्द करणे हे तीन आदेश पहिल्याच दिवशी शिकवले पाहिजेत. वापरात राहिलेला अधिकारच पुढच्या प्रणालीत जागा मिळवतो. न वापरलेला अधिकार पुढच्या आवृत्तीत कोणी न विचारता गाळला जातो.